पोत्याखालची रेघ

केजला रेल्वे नाही. त्यामुळे पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहावं, असं केजकरांना कुठल्या भोंग्याने कधी बजावलेलं नाही. म्हणून तालुक्यात रेघा कमी आहेत असं मात्र कुणी समजू नये. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाणारा आणि खामगावहून पंढरपूरला निघालेला, असे दोन मोठे रस्ते केजमध्ये एकमेकांना भेटतात आणि दोघेही अंगावर पट्टे ओढूनच येतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे यातल्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला खरा अर्थ येतो. त्याच्या अलीकडे सोयाबीन वाळत घालायचं आणि पलीकडून ट्रकांनी जायचं. रस्त्यावरचे पट्टे कुठे, किती रुंद आणि कोणत्या रंगाचे असावेत हे भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ३५ या संहितेत सविस्तर लिहिलेलं आहे. तीत हा उपयोग दिलेला नाही. संहिता लिहिणाऱ्यांना खळ्याची अडचण कधी पडली नसावी.

तालुक्यात लोक श्रद्धेने बघतात अशी रंगवलेली रेघ एकच, धनेगावच्या मांजरा धरणातल्या पाणीपातळीच्या पट्टीवरची. तिच्याकडे केजपेक्षा लातूरचं लक्ष जास्त. धरण कोरडं पडलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या पट्टीवरचे आकडे लोकांना तोंडपाठ झाले होते. बाकीच्या रेघा ओलांडण्यासाठीच काढलेल्या असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

रेघ काढायचं जुनं आणि सर्वमान्य साधन म्हणजे चुन्याची फक्की. कबड्डीचं मैदान असो, पंधरा ऑगस्टच्या कवायतीची रांग असो की मोठ्या पाहुण्यांच्या हेलिकॉप्टरसाठी काढलेला इंग्रजी एच असो, डब्याला भोकं पाडून फक्की आपटत गेलं की काम झालं. स्वस्त आणि झटपट. तिचा एकच दोष असा की ज्या हेलिकॉप्टरसाठी ती मारली जाते तेच उतरताना तिला उडवून लावतं आणि स्वागताला उभ्या राहिलेल्यांच्या टोप्या, मिश्या व हार एका रंगाचे होतात. पाहुणा गेल्यावर गावाला चुना कुणी लावला याची चर्चा आठवडाभर चालते. फक्कीबद्दल मात्र कुणाची तक्रार नसते, कारण ती टिकेल असं तिने कधी कुणाला सांगितलेलंच नसतं.

खरी पंचाईत सुरू होते ती टिकणारी रेघ हवी असते तेव्हा. आणि केजसारख्या गावात ती सगळ्यांत जास्त कुठे हवी असते, तर गोदामात.

धान्याच्या गोदामातल्या जमिनीवर पांढऱ्या चौकटी आखलेल्या असतात. एकेका चौकटीत एकेक थप्पी. सरकारी आणि निमसरकारी साठवणुकीत थप्पीचं नेहमीचं माप ३० फूट बाय २० फूट. भिंतीपासून साधारण अडीच फूट जागा सोडायची, दोन थप्प्यांमध्ये माणूस फिरेल एवढी वाट ठेवायची, खाली लाकडी फळ्यांचे पाट आणि वर पोती. ही अडीच फूट जागा सोडण्यामागे कुणाची हौस नाही. भिंतीची ओल पोत्याला लागू नये, वारं फिरावं, उंदराचा मार्ग दिसावा आणि कीड लागली तर थप्पीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकून धुरी देता यावी, म्हणून ती असते. धुरी देताना ताडपत्रीच्या कडा जमिनीवर पसरून त्यांवर वाळू भरलेल्या लांबलचक पिशव्या ठेवतात, म्हणजे औषधाचा वायू बाहेर येत नाही. जमिनीवर कडा पसरायला जागाच नसेल तर वायू गोदामभर फिरतो आणि टोके खुशाल राहतात.

त्यात आता पैशाचाही प्रश्न आला. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ पासून शेतमाल साठवतं आहे आणि वखारीच्या पावतीवर बँका कर्ज देतात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. म्हणजे कुणाची पोती कुठे संपतात आणि दुसऱ्याची कुठे सुरू होतात, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखात ही गोष्ट समजावून सांगायची गरज पडू नये. पण गोदामात शिरल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे. शेतात वीतभर बांध कोरला तर कुऱ्हाड काढणारा गृहस्थ इथे स्वतःची वीस पोती शेजारच्या चौकटीत खुशाल लोटतो आणि विचारलं तर म्हणतो, “रेघ दिसलीच नाय, मालक.”

गंमत अशी की बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

रेघ दिसत नाही याचं कारण ती कोणत्या रंगाने काढली आणि कशावर काढली यात असतं. हा रंग विकत घेण्याचा प्रसंग मोठा बघण्यासारखा असतो. गोदामाचे मालक हार्डवेअरच्या दुकानात शिरतात आणि “फरशीवर पट्टे मारायचेत, एक डबा द्या” एवढंच म्हणतात. ‘एक डबा’ हे मराठवाड्यातलं सर्वमान्य माप आहे. दुकानदार पांढरा ऑइलपेंट काढून ठेवतो.

“टिकंल का?”

“भिंतीला धा वर्षं टिकतो. फरशीला काय धाड भरलीय?”

“मग द्या. आन् थिनर दोन बाटल्या जास्तीच्या द्या. लांबवायचाय.”

व्यवहार इथे संपतो आणि रेघेचं आयुष्यही जवळपास इथेच संपतं. कारण भिंतीवर कुणी पोती ओढत नाही, लाकडी पाट घसटत नाही आणि लोखंडी आकडा हातातून सुटून पडत नाही. भिंतीचं काम दिसण्याचं, जमिनीचं काम झिजण्याचं. भिंतीसाठी केलेला रंग पातळ थरात पसरतो, एका लिटरमध्ये दहा चौरस मीटर जातो आणि त्याचं मालकाला कौतुक वाटतं. जमिनीवरच्या रेघेचा रंग ओला असताना एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जाड बसायला हवा. तसा बसवला तर एका लिटरमध्ये तीन चौरस मीटरही धड होत नाहीत. जाहिरातीत मात्र जो डबा जास्त जागा व्यापतो तोच चांगला.

इथे थोडं गणित करण्यासारखं आहे. शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद असं एक गोदाम धरा. लांबीत ३० फुटांच्या तीन थप्प्या आणि अडीच-अडीच फुटांच्या चार मोकळ्या जागा, बरोबर शंभर. रुंदीत २० फुटांच्या दोन थप्प्या, भिंतींकडेला अडीच-अडीच आणि मधोमध पाच फुटांची वाट, बरोबर पन्नास. सहा चौकटी झाल्या. प्रत्येकीचा घेर शंभर फूट, म्हणजे सगळी रेघ मिळून सहाशे फूट, सुमारे १८३ मीटर. रेघेची रुंदी दहा सेंटिमीटर धरली तर रंगवायची जागा होते फक्त अठरा-एकोणीस चौरस मीटर. जाड थर दिला तरी एका हाताला लागतो साडेसहा लिटर रंग. लाखो रुपयांचा माल ज्या गोदामात पडून असतो, तिथे ही सगळी घासाघीस, थिनरच्या दोन जास्तीच्या बाटल्या आणि दुकानदाराला घातलेली जुन्या ओळखीची भीड चालते ती साडेसहा लिटरांसाठी.

आता त्या ऑइलपेंटचं पुढे काय होतं ते बघू, कारण त्यात एक मजेदार योगायोग आहे. ऑइलपेंटमधलं ऑइल म्हणजे काय, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. नेहमीच्या ऑइलपेंटचा चिकट भाग ज्या राळेपासून होतो तिला अल्किड म्हणतात आणि ती बनवताना वनस्पतीचं तेल वापरतात. पूर्वी रंगात मान होता जवसाच्या तेलाचा, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन आपोआप कडक होतं. त्याची खोड एवढीच की काळाने ते पिवळं पडतं. पांढऱ्या रंगाला न पिवळणारं तेल लागतं म्हणून करडईचं तेल वापरतात. आणि सर्रास वापरलं जातं ते सोयाबीनचं. म्हणजे जवस, करडई आणि सोयाबीन. मराठवाड्याच्या रानातला गेल्या पन्नास वर्षांचा पीकबदल रंगाच्या डब्यात क्रमाने हजर आहे. थप्पीतही सोयाबीन आणि थप्पीच्या रेघेतही सोयाबीन. हमीभाव तेवढा फक्त थप्पीतल्याला.

तर हा सोयाबीनचा रंग नव्या कोब्यावर मारला की सिमेंट त्याचा समाचार घेतं. सिमेंट अल्कधर्मी असतं. तेल आणि अल्क एकत्र आले, वरून थोडी ओल मिळाली, की साबण तयार होतो. कॉस्टिक सोडा घालून तेलाचा साबण करतात तीच क्रिया इथे रेघेखाली चालू होते. रंग मऊ पडतो, बोटाला चिकटतो, मग पापुद्रे सुटतात. गोदामाच्या मालकाला वाटतं पेंटरने फसवलं, पेंटरला वाटतं कंपनीने फसवलं, कंपनीच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते आणि ती वाचायला चष्मा घरी राहिलेला असतो. जमिनीवर प्रत्यक्षात पांढऱ्या साबणाची सहाशे फुटांची लांबट वडी पडलेली असते. हमालांनी तिच्यावर हात धुतले तरी कुणाची हरकत नसावी.

म्हणून जाणकार सांगतात की ओतल्यापासून २८ दिवस झाल्याखेरीज काँक्रीटवर कुठलाच रंग लावू नये, आणि गोदामाच्या आत लावायचाच तर दोन डब्यांचा इपॉक्सी लावावा. एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं रसायन. हे दुधाला विरजण लावण्यासारखंच आहे, फक्त प्रमाण चमच्याच्या अंदाजाने चालत नाही आणि बिघडलं तर ताक करून पिता येत नाही. मिसळल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. डब्यात जितका जास्त माल एकत्र, तितकी उष्णता जास्त आणि तितका तो लवकर दगड होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्म्यावर येतो.

केजच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, हे ज्याने डबा बनवला त्याला माहीत नसतं आणि डबा मिसळल्यावर वेळ उरत नाही, हे पेंटरला माहीत नसतं. पेंटर दोन्ही डबे एकदम बादलीत ओततो. काठीने ढवळतो. काठी टेकवून ठेवतो. मग रीतीप्रमाणे चहाला जातो. हॉटेलात कुणीतरी कारखान्याच्या उसाच्या बिलाचा विषय काढतं आणि हा विषय अर्ध्या तासात संपल्याचं आजवर ऐकिवात नाही. परत येऊन बघतो तो बादलीतून वाफ निघते आहे, काठी ताठ उभी आहे आणि काठीला धरून बादली उचलता येते. बादली नंतर वजन म्हणून ताडपत्रीवर ठेवायला उपयोगी पडते, एवढंच समाधान.

पण समजा, पेंटरने चहा रंगानंतर घेतला. तरी अर्धीच लढाई झाली. उरलेली लढाई जमिनीशी. गवंडी कोबा करताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून असा घोटतो की त्यात तोंड दिसावं. मालक खूश होतो, पाहुण्यांना दाखवतो. रंगाच्या दृष्टीने मात्र हा गुळगुळीत थर म्हणजे वैरी. त्याला धड पकड नसते, त्यामुळे रंग त्या सिमेंटच्या पापुद्र्याला चिकटतो आणि पापुद्रा जमिनीला सोडतो. रेघ निघते ती रंगासकट सिमेंट घेऊनच. त्यावर उपाय म्हणजे जिथे रेघ येणार तेवढी पट्टी मशीनने घासून खरबरीत करायची. नवा कोबा घासायचा म्हटलं की मालकाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते लेकीच्या लग्नात रुसलेल्या जावयाला बघूनही येत नसतील.

खाली काळी माती. मराठवाड्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हिने कधी ना कधी हात दाखवलेला असतो. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. पाया भरताना मुरूम कमी घातला तर वरचा कोबा तिच्या तालावर उठबस करतो. भेग पडायला लागली की ती हमखास पांढऱ्या रेघेला आडवी जाते. रंग कितीही महागाचा असो, तो भेगेवर पूल बांधू शकत नाही. आणि पावसाळ्यात ही माती खालून ओल चढवते, ती रंगाच्या पोटात फुगे आणते. ओल आहे की नाही हे बघायची युक्ती मात्र फुकटातली आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट लावायचा आणि रात्रभर, म्हणजे निदान सोळा तास ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर रंगाचा डबा बंदच ठेवायचा. डिझेल-ऑइल सांडलंय का, तेही असंच सोपं. चार थेंब पाणी टाकायचं. मुरलं तर जमीन तयार, गोळ्या होऊन बसलं तर आधी धुवायची. या दोन परीक्षांना मिळून चहाच्या एका कपाएवढाही खर्च येत नाही. कदाचित म्हणूनच त्या कुणी करत नाही.

गोदामाच्या बाहेर आलं की सगळे नियम बदलतात. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उघड्यावर तो पिवळा पडतो आणि वर खडूसारखी भुकटी धरतो. बाहेरच्या पार्किंगसाठी पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक, क्लोरिनेटेड रबराचा रंग किंवा रस्त्यावर वापरतात तो थर्मोप्लास्टिक, असे पर्याय असतात. ताज्या डांबरावर थिनरवाला रंग मारला तर थिनर डांबर विरघळवतं आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पट्ट्यावर तपकिरी डाग उमटतात. तिथे पाण्याचा रंग बरा. थर्मोप्लास्टिक तर डब्यातून ब्रशने लावायची वस्तूच नाही. ती पूड १८० अंशांच्या आसपास वितळवून गाड्यातून जमिनीवर ओततात आणि गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी पेरतात. रात्री गाडीचा उजेड त्या मण्यांत शिरून चालकाच्याच डोळ्यांकडे परत फिरतो, म्हणून महामार्गाचे पट्टे चमकतात. ते बघून एखाद्या हौशी मालकाला गोदामातही ‘हायवेचा पेंट’ हवासा वाटतो. गोदामात रात्री मोठे दिवे लावून येणारं कुणी नसतं, आणि असलंच तर त्याला रेघ दिसू नये हेच मालकाच्या हिताचं. शिवाय काँक्रीटवर प्राइमर न लावता थर्मोप्लास्टिक ओतलं तर ते अखंड पट्टी म्हणून उचलून घरी नेता येतं.

पार्किंगच्या रेघेचा आणखी एक शत्रू म्हणजे गरम टायर. मे महिन्याच्या दुपारी मांजरसुंब्याकडून गाडी दामटत आणली की टायर चांगलंच तापलेलं असतं. ते रेघेवर उभं राहतं, रंग मऊ करतं आणि थंड होता होता त्याला घट्ट धरून ठेवतं. तासाभराने गाडी निघाली की रेघेचा हातभर तुकडा टायरबरोबर जातो. केजच्या पार्किंगमधली रेघ अशी हप्त्याहप्त्याने अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला पोचते. स्वस्त रंगात हे जास्त होतं, जमीन नीट न घासता मारलेल्या महागातही होतं.

रंग निवडून झाला तरी चौकट केवढी काढायची हा प्रश्न उरतोच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर आणि मालवाहू गाडीसाठी पावणेचार बाय साडेसात मीटर जागा धरलेली आहे. नियमावलीतली दुचाकी अर्थातच एकटी आणि सडसडीत आहे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली, मागे पेंडेचं पोतं बांधलेली आणि हँडलला पिशवी अडकवलेली केजची दुचाकी एका मीटरमध्ये मावायची तर दूधवाल्याला ती आडवी पाडावी लागेल. उसाच्या दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरसाठी तर त्या तक्त्यात रकानाच नाही. बैलगाडी उभी करताना बैल रेघेच्या आत धरायचे की बाहेर, याचाही खुलासा सापडत नाही.

दुधावरून आठवलं. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ काढायची कल्पना अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स या गृहस्थांना सुचली आणि १९११ साली तिथल्या एका रस्त्यावर ती उतरली. गळक्या दूधगाडीमागे रस्त्यावर पडलेली पांढरी धार बघून त्यांना हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. केजच्या रस्त्यावर अशी धार पडली असती तर लोकांनी आधी फॅट किती ते विचारलं असतं, मग पाणी किती, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत धार उन्हाने वाळून गेली असती. शोध लागायचे राहतात ते असे.

रंगाच्या रंगाबद्दल मात्र अलीकडे गावात जाणकार तयार झाले आहेत. तालुक्यातली कितीतरी पोरं चाकण-तळेगावच्या कारखान्यांत आणि भिवंडीच्या अवाढव्य गोदामांत कामाला आहेत. तिथे पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालायचं, लाल चौकटीत खराब माल ठेवायचा, काळे-पिवळे तिरके पट्टे दिसले की जपायचं, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडते. फोर्कलिफ्टचं भरीव चाक जागच्या जागी वळताना रेघ कशी खरवडून काढतं, तेही त्यांनी पाहिलेलं असतं. असा पोरगा दिवाळीला गावी येतो आणि पहिल्या दिवशी बापाच्या सोयाबीनच्या थप्पीला ‘लेआउट’ नाही म्हणून नाराज होतो. बाप ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा आपली मोटारसायकल बाजारात दुकानाच्या पायरीवर चढवून लावतो. चाकणची रेघ चाकणलाच राहते.

पिवळ्या रंगाबाबत एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भडक, न फिकटणारा पिवळा बऱ्याचदा शिसं असलेल्या क्रोमेट रंगद्रव्यापासून होतो. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक वापराचे रंग या नियमाच्या बाहेर आहेत. ज्या जमिनीवर खायचं धान्य ठेवायचं, जिथे रेघ झिजून तिची पूड पोत्याखालीच राहणार, तिथे दुकानदाराकडे शिसं नसलेला रंग मागून घ्यावा आणि तसं डब्यावर लिहिलेलं बघावं. किंवा सरळ पांढरा घ्यावा. पांढऱ्यात सहसा टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि त्या रंगद्रव्यात शिसं नसतं.

चिकट टेपचं नाव एव्हाना कुणीतरी काढलं असेल. स्वच्छ, गुळगुळीत फरशीवर, हलक्या चाकांच्या ढकलगाड्या फिरतात तिथे टेप चांगली चालते. हमालाने ओढत नेलेल्या पहिल्या पोत्याबरोबर मात्र ती निघते, पोत्याला चिकटते आणि त्या पोत्याबरोबर तेलाच्या मिलपर्यंत जाते.

एकूण हिशेब असा. मातीवर फक्की. डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक, आणि गाड्यांची वर्दळ फारच असेल तर थर्मोप्लास्टिक. गोदामाच्या आतल्या कोब्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी. भिंतीचा ऑइलपेंट भिंतीलाच.

राहता राहिला मुहूर्त. गोदाम रिकामं होईल तेव्हा करू, असं म्हणून काम कधीच होत नाही, कारण भाव वाढेपर्यंत सोयाबीन हलत नाही आणि भाव कधी वाढणार हे कुणाला कळलेलं नाही. पावसाळ्यात ओल, मे महिन्यात चटके. तेव्हा गोदामवाल्यांना विनंती एवढीच की माघ-फाल्गुनात, कोरड्या हवेत, सकाळच्या वेळी हे काम उरकावं. पोती एका बाजूला घेऊन आधी अर्धं गोदाम करावं, मग उरलेलं अर्धं. गवंड्याकडून दोरी धरून, तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढून घ्यावेत. पट्टी घासावी, झाडावी, प्लास्टिकचा तुकडा लावून ओल बघावी. रंग थोडा-थोडाच मिसळावा आणि मिसळलेला संपेपर्यंत पेंटरला कुणी चहाचं आमंत्रण देऊ नये. आणि रेघ मारून झाल्यावर सात दिवस गोदामाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. या सात दिवसांत कुणाचंही पोतं आत घेऊ नये. मेहुण्याचंसुद्धा.